पापणीच्या घड्या कमी-जास्त का दिसतात आणि त्यावर काय करता येते

"एक डोळा बारीक दिसतो", "या डोळ्यावर एक घडी पडते अन् त्या डोळ्यावर तीन", "फोटोत एक डोळा झोपल्यासारखा येतो". चष्म्याचा नंबर काढायला आलेले ग्राहक उठता उठता हे हळूच विचारतात. मोबाइलवर व्हिडिओ पाहून काहींनी ऑपरेशनचे मनाशी पक्केही केलेले असते. आमच्या केंद्रात पापणीची शस्त्रक्रिया होत नाही. आम्ही डोळे तपासतो आणि गरज असेल तर योग्य डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी देतो. आमचे सांगणे एकच आहे: आधी कारण शोधा, घडीचे नंतर पाहू.

घडी पडते कशी

वरची पापणी उचलणारा स्नायू पुढे येत पातळ पडद्यासारखा होतो आणि पापणीत उतरतो. त्याचे काही बारीक धागे कातडीला चिकटलेले असतात. डोळा उघडताना हे धागे कातडी जिथे आत ओढतात, तिथे घडी पडते. साधारणपणे ती पापणीच्या कडेपासून पुरुषांत 6 ते 8 आणि बायकांत 8 ते 10 मिलिमीटरवर असते. दोन्ही डोळ्यांत थोडासा फरक जवळजवळ सगळ्यांनाच असतो आणि त्याला कसलाही उपचार लागत नाही.

एकाऐवजी दोन-तीन घड्या पडण्याची कारणे वेगवेगळी. वय वाढते तशी कातडी सैल होते, पापणीतली चरबी कमी होऊन डोळा खोल जातो आणि धाग्यांची पकड सुटते. आपल्या भागात आणखी एक कारण वारंवार दिसते, ते म्हणजे डोळे चोळणे. जिनिंगमधली रुई, थ्रेशरची धूळ, त्यातून ॲलर्जी, खाज आणि दिवसभर चोळणे. अशा वेळी आधी ॲलर्जीचा उपचार घ्या. सूज उतरल्यावर जास्तीची घडीही कमी झाली, असे पुष्कळदा होते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब मात्र आणू नका. त्याने डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

घडी वर गेली, की पापणी खाली आली?

खरी गफलत इथेच होते. उचलणारा स्नायू सैल पडला की पापणी खाली येते, पण घडी वर सरकते. माणूस घडीकडे बघतो आणि कातडी कापून घ्यायची म्हणतो, दोष मात्र स्नायूत असतो. वयामुळे, जुन्या माराने, कधी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही असे होते. काहींना ते जन्मापासून असते. लहान मुलाची पापणी बाहुलीवर येत असेल तर तो डोळा आळशी होऊन नजर कायमची कमी राहू शकते, त्यामुळे मूल मोठे होण्याची वाट पाहू नका.

तपासताना आम्ही तुम्हाला समोर बघायला लावतो, टॉर्चचा उजेड बाहुलीवर पाडतो आणि तिथे चमकणाऱ्या उजेडाच्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजतो. ते साधारण 4 ते 5 मिलिमीटर असायला हवे. मग भुवई बोटाने दाबून धरतो, कारण बरेच लोक नकळत कपाळ ताणून पापणी वर ठेवतात. शेवटी खाली आलेली पापणी बोटाने उचलतो. तेव्हा कधी कधी दुसरी, 'चांगली' पापणी खाली येते. दोन्ही पापण्यांना मेंदूचा हुकूम सारखाच जातो, म्हणून असे घडते. हे न पाहता एकाच डोळ्याचे ऑपरेशन केले, तर नंतर दुसरा डोळा बारीक दिसू लागतो.

हे असेल तर थांबू नका

पापणी अचानक पडली, सोबत डोके जोरात दुखते, एकाचे दोन दिसतात किंवा त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापणी जड, असे रोज होत असेल तर तो स्नायूंचा वेगळा आजार असू शकतो. त्याला औषध आहे.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या दोन्ही पापण्या सकाळी उघडेनात, गिळता येईना, बोलणे जड झाले, तर मण्यार चावली असेल असेच समजा. तिच्या दंशाची खूण किंवा सूज बहुधा दिसत नाही. आमच्याकडे किंवा बाहेरचे बघणाऱ्याकडे वेळ न घालवता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा.

शस्त्रक्रियेचे पर्याय

टाक्यांच्या पद्धतीत कातडी न कापता बारीक छिद्रांतून धागा ओवून नवी घडी बांधतात. सूज कमी येते, पण काही वर्षांत घडी सुटू शकते. कातडी पातळ असणाऱ्या तरुणांना ती जमते. कापून करायच्या पद्धतीत जास्तीची कातडी काढता येते आणि घडी टिकते. व्रण घडीतच लपतो. स्नायू सैल असेल तर तो आवळावा लागतो. त्यात फक्त पापणी बधिर करतात आणि मध्येच तुम्हाला डोळे उघडायला सांगून दोन्ही बाजू जुळवतात. डोळा खोल गेल्याने घड्या पडत असतील तर स्वतःच्याच अंगातली थोडी चरबी तिथे भरतात. फिलरचे, म्हणजे खोलगट जागा भरून काढणाऱ्या जेलचे, इंजेक्शनही देतात, पण ते चुकून रक्तवाहिनीत गेले तर नजर जाऊ शकते. असे क्वचित होते, तरीही ब्यूटी पार्लरमध्ये ते कधीच घेऊ नका.

कातडी जास्त काढली गेली तर डोळा नीट मिटत नाही आणि कोरडा पडतो. वर बांधली गेलेली घडी नंतर खाली आणणे फार अवघड असते. म्हणून पापणीची कामे नेहमी करणारे नेत्रशल्यचिकित्सक किंवा प्लास्टिक सर्जनच निवडा. नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहेत, तिथे आधी दाखवता येते.

कापून केलेल्या ऑपरेशनचे टाके साधारण 5 ते 7 दिवसांत काढतात. घडीचे खरे रूप मात्र 3 ते 6 महिन्यांनी कळते. "पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार आहेत" म्हणून पोरीला घाईने टेबलवर झोपवू नका, त्या दिवशी डोळे सुजलेलेच असतील. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, फवारणी यांच्या तोंडावरही नको. दोन आठवडे वाकून काम, ओझे आणि धूळ वर्ज्य असते, आणि बाईमाणसाला हंगामात तेवढी सुटी घरचे देत नाहीत, हे आम्ही बघतो. घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

ऑपरेशनची रात्र शहरातच काढा. दुखणे वाढत गेले, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा अंधुक दिसू लागले, तर तासाभराचा उशीरही महागात पडतो. रात्री कुठे आणि कोणाकडे जायचे, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

शुगर, बीपी, थायरॉइड, सिकलसेल आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या यांबद्दल डॉक्टरांना सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आमच्याकडे तपासणीला येताना काजळ लावू नका आणि जुने फोटो आणा. लग्नाचा अल्बम असेल तर उत्तम, फरक कधीपासून आहे ते त्यावरून लगेच कळते.