खोगिराची बेतणी

एका विशिष्ट घोड्याच्या पाठीचे आणि त्याच्यावर बसणाऱ्या स्वाराच्या अंगकाठीचे माप घेऊन खोगीर घडवणे, किंवा तयार खोगीर त्या मापाला आणणे, म्हणजे खोगिराची बेतणी. ‘बेतणे’ हा शिंप्याचा शब्द. शिंप्याला एका अंगाचे माप घ्यायचे असते, खोगीर करणाऱ्याला दोन अंगांचे. त्यातले एक अंग मुके असते, चालताना त्याचा आकार बदलतो आणि दुसऱ्याचे ओझेही त्यालाच वाहायचे असते. म्हणून बेतताना आधी घोडा आणि मग स्वार, हा क्रम मोडून चालत नाही.

मराठीत या वस्तूला दोन नावे आहेत. ‘जीन’ म्हणजे आत लाकडी सांगाडा असलेले चामड्याचे आसन, तर ‘खोगीर’ म्हणजे मुळात नमद्याची (दाबून घट्ट केलेल्या लोकरीची) किंवा कापडाची भरीव गादी. आता दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात. खोगीर हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ घाम टिपून घेणारे, असा आहे. जीन घडवणारे ते जीनगर. हा समाज महाराष्ट्रात आजही आहे. घोडदळे गेली तसे त्यातले पुष्कळ कारागीर दुसऱ्या हस्तकौशल्यांकडे वळले. हाती लागतील त्या चिंध्या नि गवत कोंबून गादी भरायची, या रीतीवरून निरुपयोगी भरताडाला ‘खोगीरभरती’ म्हणू लागले. घोड्याच्या बाजूने पाहिले तर मात्र खोगिरात भरतीइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. वरचे चामडे कितीही देखणे असो, पाठीला लागते ती भरतीच.

घोड्याची पाठ

घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. खोगिराची जागा खांद्याच्या फऱ्यामागे, म्हणजे खांद्याच्या रुंद चपट्या हाडामागे, सुरू होते आणि अठराव्या बरगडीपाशी संपते. त्यापुढे कंबर. तिला बरगड्यांचा आधार नसल्यामुळे तिच्यावर भार टाकायचा नाही. पाठीच्या मधोमध मणक्यांची उभी टोके कातडीखाली हाताला लागतात. मानेच्या मुळाशी ती सर्वांत उंच होतात आणि दोन खांद्यांच्या मध्ये उंचवटा तयार होतो. या हाडांवरही भार नको. मग उरतात कण्याच्या दोन्ही अंगांना असलेले लांब स्नायूंचे दोन पट्टे. स्वाराचे सगळे वजन या दोन पट्ट्यांवर जमेल तेवढे पसरून टाकणे हे खोगिराचे खरे काम. त्यासाठी खोगिराच्या पोटाला दोन लांबट गाद्या असतात आणि त्यांच्या मध्ये कणा मोकळा राहील अशी पन्हळ.

फऱ्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. माणसाच्या खांद्याला गळ्याजवळ आडवे हाड असते, घोड्याला ते नसते. त्याचे पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी जोडलेले असतात. पाय पुढे पडला की फऱ्याचे वरचे टोक मागे सरकते. खोगीर दोन-तीन बोटे जरी पुढे ठेवले गेले, तरी प्रत्येक पावलाला हे हाड सांगाड्याच्या टोकावर आदळते. घोडा हळूहळू पाऊल आखडते टाकू लागतो, उतारावर अडखळतो, आणि बघणाऱ्याला वाटते की जनावर आळशी आहे.

सांगाडा अरुंद असेल तर त्याची टोके उंचवट्याखालचे स्नायू चिमटीत धरतात, खोगिराची पुढची बाजू उचलली जाते आणि स्वार मागे कलतो. म्हणजे ज्या कमरेला वाचवायचे तिच्याच दिशेने वजन जाते. सांगाडा रुंद असेल तर पुढची कमान थेट उंचवट्यावर टेकते. पाठ खोलगट आणि गाद्या सरळ, असे झाले तर पुलासारखे होते: खोगीर पुढे टेकते, मागे टेकते, मध्ये अधांतरी. उलट, सपाट पाठीवर गोलवट गाद्या आल्या तर खोगीर पाळण्यासारखे झुलते आणि कातडी घासली जाते.

एका जागी दाब फार वेळ राहिला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, कातडीला रक्त मिळत नाही. आधी सूज, मग केस जाणे, मग जखम. यालाच ‘पाठ लागणे’ म्हणतात. जखम भरून आली तरी केसाला रंग देणाऱ्या पेशी मेलेल्या असतात, त्यामुळे तिथे पुढे पांढरे केस उगवतात. तांबड्या किंवा काळ्या घोड्याच्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना रुपयाएवढे पांढरे ठिपके समोरासमोर दिसले, तर ती जन्मखूण नव्हे. कधी काळी त्या पाठीवर चुकीचे खोगीर होते, याची ती कायमची नोंद असते.

जखमेच्या कितीतरी आधी घोडा सांगू लागतो. तंग, म्हणजे पोटाखालून बांधायचा पट्टा, आवळताना कान मागे टाकणे, हाताला चावायला येणे, खोगीर दिसताच पाठ दाबून घेणे, स्वार चढताना एका जागी न ठरणे, एरवी गरीब असलेल्या घोड्याने उतरणीला उसळी घेणे, ही ती भाषा. अशा घोड्याला खोडकर ठरवून तोंडात कडक लगाम घालणे हा सरळ अन्याय आहे. आधी पाठीवरून हात फिरवून पाहावा.

माप घेणे

घोडा सपाट जमिनीवर, चारी पायांवर सारखा उभा करतात. पाठ कोरडी आणि खरारा केलेली असावी. वाकवला की वाकलेला राहणारा एक लवचीक पट्टा उंचवट्यावरून आडवा टाकून दोन्ही बाजूंनी अंगाला चापून बसवतात, अलगद उचलतात आणि कागदावर त्याच्या आतल्या कडेने पेन्सिल फिरवतात. पहिली रेघ फऱ्याच्या मागे दोन-तीन बोटांवर, दुसरी पाठीच्या मध्यावर, तिसरी खोगिराच्या मागच्या टोकापाशी घेतात. चौथी कण्याच्या लांबीने घेतात, म्हणजे पाठ किती खोलगट आहे ते कळते. या रेघा पाहिल्या की लक्षात येते, घोडा दोन्ही बाजूंनी क्वचितच सारखा असतो. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो, आणि म्हणून दोन गाद्यांतली भरतीही कमीजास्त ठेवावी लागते.

मग खोगीर ठेवून पाहायचे, तेही खाली घोंगडी न घालता. ते थोडे पुढे ठेवून मागे सरकवतात. केसांच्या दिशेने घसरत ते आपल्या जागी येऊन थांबते. कमान आणि उंचवटा यांच्यात दोन ते तीन बोटे सहज जावीत, स्वार बसल्यावरही मोकळी जागा दिसावी. पन्हळीतून पुढून मागे उजेड दिसावा. आसनाचा सर्वांत खोल भाग मध्यावर असावा. तळहात वर करून गादीखालून पुढून मागे नेला तर दाब कुठे एकदम वाढू नये आणि कुठे एकदम नाहीसाही होऊ नये. हा हात फिरवण्याचा सराव शंभर घोड्यांवर झाला की बोटांना कळू लागते. आता दाब मोजणाऱ्या विजेच्या चटया आल्या आहेत आणि त्या उपयोगीही आहेत, पण त्या काय दाखवतात हे समजायलाही आधी हाताची सवय लागते.

उभ्या घोड्यावर बसलेले खोगीर चालत्या घोड्यावर बसेलच असे नाही. म्हणून स्वारासह चाल, दुडकी आणि दौड, तिन्ही पाहतात. काम संपल्यावर खोगीर उतरवले की पाठीवरचा घाम वाचता येतो. सगळीकडे ओल आणि मधोमध कण्यावर कोरडी पट्टी, हे चांगले. ओल्या पाठीवर मध्येच हाताच्या पंजाएवढा कोरडा डाग असेल तर तिथे दाब इतका आहे की घामच सुटला नाही, किंवा गादी तिथे टेकलेलीच नाही; कोणते कारण ते बोटांनी ठरवायचे. केस विस्कटून उलटे झाले असतील तर खोगीर हलते आहे.

खोगीर सारखे एकाच बाजूला सरकत असेल तर दोष खोगिराचाच असतो असेही नाही. इंग्लंडमध्ये लाइन ग्रेव्ह आणि स्यू डायसन या पशुवैद्यांनी दाखवून दिले की पुष्कळदा मागच्या पायातले, सहज न दिसणारे लंगडणे हे त्याचे कारण असते. सुन्न करणारे इंजेक्शन देऊन त्या पायाची वेदना थांबवली की तेच खोगीर मध्यावर राहू लागते.

खोगीर सैल झाले की खाली जाड घोंगडी घालणे, हा सर्वत्र चालणारा उपाय. सैल खोगिराला तो काही दिवस पुरतो. घट्ट खोगिराला मात्र तो उलटा पडतो. आधीच चिमटलेल्या जागेत आणखी जाडी भरली जाते.

स्वाराची बाजू

स्वारासाठी पाहायचे ते मुख्यतः आसनाची लांबी, मांडीला लागणाऱ्या बाजूच्या पाळीची लांबी आणि रिकीब (पाय ठेवायचे कडे) अडकवायच्या कडीची जागा. इंग्रजी धाटणीच्या खोगिराचे आसन मोठ्यांसाठी साधारण १६ ते १८ इंच असते. उंचीपेक्षा मांडीच्या लांबीवर ते ठरवावे. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत आली की स्वार तोल सांभाळण्यासाठी लगामाला लोंबकळत नाही. कडी जर फार पुढे असेल तर पाय पुढे जातात, स्वार खुर्चीत बसल्यासारखा मागे रेलतो, आणि त्याने कितीही मनावर घेतले तरी ही बैठक सुधारत नाही. उस्ताद ओरडत राहतो, विद्यार्थी खजील होतो. दोष खोगिरात असतो. कमरेचे दुखणे, मांड्यांची सालटी, जांघेतला दाब यांचे मूळही अनेकदा इथेच सापडते. स्त्रियांच्या ओटीपोटाच्या हाडांची ठेवण निराळी असल्याने पुरुषी मापाचे अरुंद, कडक आसन त्यांना जास्त बोचते.

स्वार आणि साज मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावे, असा एक जुना ठोकताळा आहे. ३०० किलोच्या तट्टाला त्या हिशेबाने ६० किलो. चांगले बेतलेले खोगीर हे ओझे कमी करत नाही, ते नीट वाटते.

जुनी उदाहरणे

कणा मोकळा सोडायचा ही समज फार जुनी आहे. दक्षिण सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक येथील थडग्यांत, गोठलेल्या जमिनीमुळे टिकून राहिलेली सुमारे २,४०० वर्षांपूर्वीची खोगिरे मिळाली. त्यांत कण्याच्या दोन बाजूंना दोन भरलेल्या उशा आहेत. लाकडी सांगाडा नंतर आला आणि त्याने भार अधिक पसरला, पण त्याबरोबर कडक लाकूड कोणत्या पाठीला लागणार हा प्रश्नही आला.

मोठ्या सैन्यांनी त्यावर एकच नमुना हजारो पाठींवर चढवण्याचा मार्ग धरला. अमेरिकी सैन्याने १८५९ मध्ये स्वीकारलेले मॅक्लेलन खोगीर त्यांतले प्रसिद्ध. आसनाच्या मधोमध उघडी फट असल्याने कण्याला वारा लागे. दक्षिण आफ्रिकेतल्या १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिशांचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. उपासमार, रोगराई आणि अतिश्रम ही मुख्य कारणे, पण लागलेल्या पाठींमुळे निकामी झालेले घोडेही थोडे नव्हते. मोहिमेत घोडा हाडकतो आणि जे खोगीर निघताना बसत होते ते महिन्याभरात हाडावर येते. पुढे १९१२ च्या ब्रिटिश लष्करी नमुन्यात बाजूच्या फळ्या कमानींना बिजागरीसारख्या जोडल्या, म्हणजे पाठीच्या उतारानुसार त्या थोड्या फिरत. खाली घडी घातलेली कांबळी असे. घोडा वाळला की घड्या बदलायच्या.

महाराष्ट्रात

भीमा खोऱ्यातले भीमथडी तट्टू ठेंगणे, रुंद पाठीचे आणि काटक. काठेवाडी आणि मारवाडी घोडे त्याहून उंच, निमुळते, ठसठशीत उंचवट्याचे. एकाला बसेल ते दुसऱ्याला बसणार नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळते. तरी नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेतल्यावर साज घेतला जातो तो बहुधा रंग आणि कलाकुसर पाहून. देशात खोगीर बनवण्याचे मोठे केंद्र कानपूर. तिथल्या कामाला भौगोलिक मानांकन आहे आणि माल परदेशी जातो, पण तोही ठरावीक मापांतच येतो. महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींतले खोगीर एक किलोच्याही आत असते. तिथे स्वार रिकिबीत उभा राहतो आणि शर्यत काही मिनिटांत संपते, म्हणून त्याचे गणित निराळे.

माथेरानसारख्या वाहनबंदीच्या गावात एकाच घोड्यावर सकाळी लहान मूल बसते आणि दुपारी भरभक्कम गृहस्थ. तिथे स्वाराचे माप घेणे शक्यच नाही. घोड्याचे माप मात्र घेता येते, कारण पाठ रोज तीच असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून, जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळणाऱ्या शेतकऱ्याला यातले काहीही नवीन वाटणार नाही.

एकदा बेतलेले खोगीर कायमचे बसत नाही. घोडा सहा-सात वर्षांचा होईपर्यंत वाढतो. कामाला लागला की पाठ भरते, पावसाळ्यात उभा राहिला की ती उतरते, म्हातारपणी खोल जाते. अर्ध्या तासाच्या रपेटीनेसुद्धा स्नायू थोडे फुगतात. लोकरीची भरती दबून तिचे गोळे होतात, म्हणून वर्षातून एकदोनदा गादी उघडून लोकर पिंजून पुन्हा भरावी लागते. चांगला कारागीर कागदावरच्या प्रत्येक रेघेशेजारी तारीख लिहून ठेवतो. पुढच्या खेपेला जुना कागद खिडकीच्या काचेवर धरायचा, त्यावर नवा ठेवायचा, आणि दोन रेघा जिथे एकमेकींपासून बोटभर लांब गेल्या असतील तिथे सुई घालायची.