लिनक्सवर शेअर माउंट न होणे

दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर, म्हणजे शेअर, आपल्या लिनक्स सर्व्हरच्या एखाद्या डिरेक्टरीवर जोडायला जावं आणि ते जोडलंच जाऊ नये, किंवा जोडलं जाऊन मध्येच लटकावं, किंवा जोडलेलं नसताना जोडल्यासारखं दिसावं, या तिन्ही प्रकारांना मिळून ‘माउंट होत नाहीये’ असं म्हणतात. अंधेरीच्या एडिटिंग स्टुडिओपासून फोर्टातल्या सीएच्या ऑफिसपर्यंत आणि ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरपर्यंत, जिथे एक स्टोरेज आणि त्याच्या जिवावर चार लिनक्स मशीन्स आहेत तिथे हे कधी ना कधी होतंच, आणि का कोण जाणे पण बहुतेक वेळा शुक्रवारी संध्याकाळी, विरार फास्ट गाठायची असते तेव्हाच.

असे शेअर देणाऱ्या प्रोटोकॉलची घराणी दोन. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं, त्याच्या व्हर्जन ३ चं आरएफसी (प्रोटोकॉल कसा चालतो ते लिहिलेला दस्तऐवज) १९९५ चं आणि व्हर्जन ४ चं पहिलं आरएफसी २००० चं. एसएमबी हे विंडोजवाल्यांचं, जन्म आयबीएममधला, पण वाढवलं मायक्रोसॉफ्टने, आणि मधल्या काळात त्यांनीच त्याचं नाव सीआयएफएस ठेवलं म्हणून आजही लिनक्सवर माउंट करताना टाइप बहुतेक ‘सीआयएफएस’ असाच टाकतात. लिनक्सकडून विंडोजशी बोलणारा सांबा हा १९९२ पासूनचा, ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने सुरू केलेला.

पहिला फटका मेसेजचाच बसतो. ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असं काहीतरी येतं आणि नवीन माणसाला वाटतं की डिस्क गेली, बॅकअप कुठाय, साहेबांना काय सांगू. प्रत्यक्षात बहुतेक वेळा फक्त मदतनीस पॅकेज टाकलेलं नसतं, म्हणजे उबुंटूवर एनएफएस-कॉमन, रेडहॅटवर एनएफएस-यूटिल्स, आणि विंडोज शेअरसाठी दोन्हीकडे सीआयएफएस-यूटिल्स. माउंट कमांड जे सांगते ते अर्धवट असतं, खरं कारण कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये म्हणजे डीमेसेजमध्ये सापडतं, तिथे आधी बघावं.

पिंग जातंय म्हणून नेटवर्क ठीक आहे असं म्हणणारे खूप भेटतात. पिंगला आणि माउंटला एकमेकांशी घेणंदेणं नाही. बघायचे ते पोर्ट, म्हणजे ज्या नंबराच्या दारावर सर्व्हिस ऐकत बसते ती दारं, एनएफएसचा २०४९ आणि एसएमबीचा ४४५. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक मशीनपर्यंत पोचलात पण तिथे सर्व्हिस चालू नाहीये, आणि काहीच न येता कर्सर नुसता लुकलुकत राहिला तर मध्ये फायरवॉल पॅकेट गिळतंय. एनएफएस व्हर्जन ३ ला २०४९ पुरत नाही, कुठली सर्व्हिस कुठल्या पोर्टवर आहे ते सांगणारा १११ वरचा आरपीसीबाइंड लागतो आणि माउंटच्या विनंत्या घेणारा माउंटडी लागतो, त्याचा पोर्ट फिक्स केला नसेल तर कुठल्याही पोर्टवर जाऊन बसतो, म्हणून फायरवॉलच्या पलीकडे व्हर्जन ४ चालतं आणि ३ चालत नाही. याची उलटी बाजू अशी की सर्व्हरवरच्या शेअर्सची यादी दाखवणारी शोमाउंट कमांड माउंटडीलाच विचारते, त्यामुळे फक्त व्हर्जन ४ देणाऱ्या सर्व्हरवर ती फेल जाते आणि माउंट मात्र मस्त होतं.

पोर्ट उघडे असून ‘ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर’ आलं तर सर्व्हरची एक्सपोर्ट्स फाइल, म्हणजे कुठला शेअर कोणाला द्यायचा त्याची यादी, उघडावी. तिथली सगळ्यात कुप्रसिद्ध चूक एका स्पेसची आहे. क्लायंटचं नाव आणि कंसातले ऑप्शन्स यांच्यात चुकून स्पेस पडली तर त्या क्लायंटला डिफॉल्ट परवानगी मिळते आणि कंसातलं रीड-राइट अख्ख्या जगाला. फाइल बदलून ती परत वाचायला लावणारी एक्सपोर्टएफएस कमांड चालवायला विसरणं हेही रोजचंच. क्लायंटला दोन नेटवर्क कार्डं असतील तर तो भलत्याच आयपीवरून बाहेर पडतो आणि सर्व्हर ओळख दाखवत नाही, ही गंमत कळायला मला एकदा अर्धा दिवस लागला होता.

माउंट झालं पण लिहिता येत नाही, ही पुढची पायरी. एनएफएसच्या नेहमीच्या पद्धतीत परवानगी नावावर नाही, नंबरावर चालते. इकडचा यूजर १००० आणि तिकडचा १००१ असेल तर दोघांचं नाव एकच असून काही उपयोग नाही. रूटने, म्हणजे सर्वाधिकारी यूजरने, लिहायला जावं तर रूट स्क्वॉश नावाची सोय त्याला नोबडी, म्हणजे काही हक्क नसलेला यूजर, करून टाकते. आणि एखादा माणूस १६ पेक्षा जास्त ग्रुपमध्ये असेल तर पुढचे ग्रुप सर्व्हरला दिसतच नाहीत, कारण प्रोटोकॉलमध्ये तेवढीच जागा आहे. मोठ्या ऑफिसात ‘मला सोडून सगळ्यांना उघडतं’ अशी तक्रार आली की आधी ग्रुप मोजावेत.

विंडोज शेअरवर एरर नंबर वाचायची सवय लावून घ्यावी. १३ म्हणजे यूजर, पासवर्ड किंवा डोमेन चुकलंय, २ म्हणजे बहुतेक शेअरचं नाव चुकलंय. ११२ चा मजकूर ‘होस्ट इज डाउन’ असा येतो, होस्ट मात्र ठणठणीत असतो, भांडण भाषेचं असतं. २०१७ मध्ये कर्नल ४.१३ ने एसएमबी १ हे डिफॉल्ट सोडलं, त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने एसएमबी १ च्याच भोकातून धुमाकूळ घातला होता, आणि जुनी एनएएस पेटी, म्हणजे नेटवर्कवरचं स्टोरेज, मात्र अजून १ च बोलते. व्हर्जन १.० चा ऑप्शन टाकला की चालतं, पण माझ्या मते हे दुखणं झाकणं आहे, पेटी बदलावी. पासवर्डात स्वल्पविराम असेल तर माउंटला वाटतं पुढचा ऑप्शन सुरू झाला, म्हणून पासवर्ड वेगळ्या क्रेडेन्शियल्स फाइलमध्ये, ६०० परवानगीने, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असा, ठेवावा.

आता खरा धोका. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड फेल होऊन मुंबईची वीज गेली होती तसं काही झालं, यूपीएस संपला आणि मग वीज आली, की सगळ्या मशीन एकदम उठतात, पण एनएएसला डिस्क फिरवून जागं व्हायला वेळ लागतो. सर्व्हर त्याच्या आधी उठतो, एफएसटॅब, म्हणजे बूटच्या वेळी काय काय जोडायचं त्याची यादी, वाचतो, थोडा वेळ वाट बघतो आणि माउंटचा नाद सोडतो. नंतर ॲप्लिकेशन सुरू होतं आणि त्या डिरेक्टरीत बिनधास्त लिहायला लागतं, कारण डिरेक्टरी आहेच की, फक्त ती लोकल डिस्कवरची रिकामी आहे. इंडिकेटरवर गाडी लागलेली, प्लॅटफॉर्मवर गाडीच नाही, तसं. एका ऑफिसात तीन आठवड्यांचा बॅकअप असा रूट डिस्कवर साठत गेला होता, आणि डिस्क भरल्यावर कोणीतरी घाईघाईत शेअर माउंट केला तर ते सगळं त्याच्याखाली झाकलं गेलं, फाइल्सचा आकार मोजणाऱ्या डीयू कमांडला सापडेना आणि डिस्क किती भरलीय ते सांगणारं डीएफ तर ९८ टक्के दाखवतंय. अशा वेळी रूट फाइलसिस्टमच दुसऱ्या ठिकाणी बाइंड माउंट करून, म्हणजे तीच आणखी एका जागी जोडून, झाकलेलं बघावं लागतं. उपाय फार कठीण नाही. बॅकअप स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट कमांडने खात्री करावी, सर्व्हिसच्या सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) युनिटमध्ये ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ टाकावं, आणि रिकाम्या डिरेक्टरीला शेअर चढवायच्या आधीच चॅटर कमांडने इम्युटेबल, म्हणजे न बदलता येणारं, करून ठेवावं म्हणजे चुकून कोणी लिहू शकत नाही. सिस्टमडीचा ऑटोमाउंट वापरला तर कोणी हात लावेल तेव्हाच जोडणी होते, म्हणून बूटच्या शर्यतीचा प्रश्नही उरत नाही.

चालू असलेला शेअर लटकला तर डीएफ मारल्यावर टर्मिनलच गोठतं, प्रोसेस डी स्टेटमध्ये, म्हणजे स्टोरेजची वाट बघत अडकलेल्या अवस्थेत, जातात, सीपीयू रिकामा आणि लोड ॲव्हरेज (खोळंबलेल्या कामांचा सरासरी आकडा) मात्र ५० च्या वर. एनएफएसचा हार्ड माउंट सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघत बसतो, तसंच ठरलेलं आहे. सॉफ्ट केलं तर लटकत नाही पण लिहितालिहिता डेटा अर्धवट राहू शकतो, म्हणून डेटाबेसच्या आसपास सॉफ्ट नकोच. अडकलेला माउंट सोडवायला लेझी अनमाउंट आहे, पण त्याने आधीच उघडलेल्या फाइल्स सुटत नाहीत. ‘स्टेल फाइल हँडल’ आलं तर समजावं की रीडेव्हलपमेंटला गेलेल्या चाळीतल्या जुन्या खोली नंबरावर पत्र चाललंय, तिकडची फाइल किंवा अख्खी फाइलसिस्टम बदललीय, अनमाउंट करून परत माउंट करावं.

सगळ्यात चकवणारा प्रकार एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात त्या मर्यादेचा. माउंट होतं, छोट्या फोल्डरची यादी येते, मोठ्या फोल्डरला एलएस मारलं की गप्प. दोन्ही मशीनवर ९००० लावलेलं असतं आणि मधला लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्विच १५०० वरच बसलेला असतो. तुकडे न करण्याचा ऑप्शन लावून ८९७२ बाइटचं पिंग मारलं की लगेच उघडं पडतं, आणि पिंग कामाला येतं ते इथेच.