रेड कार्ड घरच्या सर्व्हरमधून कसं गेलं

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून, त्यातली एखादी मेली तरी डेटा वाचेल अशी सोय; हे काम वेगळं कार्ड करतं किंवा मशीनमधलं सॉफ्टवेअर. घरी चार-सहा डिस्कचा फाइल सर्व्हर जुळवायला घेतला की अजूनही कोणीतरी म्हणतंच, खरं रेड म्हणजे कार्डवालं, सॉफ्टवेअर रेड म्हणजे जुगाड. एका काळी हे मत अगदी बरोबर होतं. तो काळ कधी सुरू झाला आणि कधी संपला हे बघायचं तर आधी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जावं लागतं, कारण तिथलं पहिलं मशीन कार्डवालं नव्हतंच.

१९८८ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडचा प्रसिद्ध पेपर मांडला. हिशोब साधा होता. आयबीएमची ३३८० ही मेनफ्रेमची डिस्क ७,५०० एमबीची, चौदा इंची तबकड्यांची आणि प्रचंड महाग, आणि पीसीसाठी येणारी कॉनरची साडेतीन इंची डिस्क १०० एमबीची पण स्वस्त, मग अशा ७५ एकत्र बांधल्या तर? अडचणही त्यांनीच लिहून ठेवली, एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं तर १०० डिस्कच्या जुडग्यात पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवडे व्हायच्या आतच जाणार. म्हणून मग मिररिंग (तोच डेटा दोन डिस्कवर), पॅरिटी (मेलेल्या डिस्कचा डेटा परत काढता येईल असा जास्तीचा हिशोब), रेडचे लेव्हल १ ते ५ हे प्रकार, हा सगळा खटाटोप.

१९८९ ला त्यांचं पहिलं चालतं मशीन उभं राहिलं, सन कंपनीचं ४/२८० वर्कस्टेशन, १२८ एमबी रॅम, स्कझी या सर्व्हरमधल्या महागड्या जोडणीच्या २८ डिस्क, आणि डेटा डिस्कवर वाटायचं काम सॉफ्टवेअरकडे. म्हणजे आज आपण घरी जे करतो तेच! पण ते रडत चाललं. मोठ्या फाइल वाचताना ॲप्लिकेशनपर्यंत सेकंदाला जेमतेम २.३ एमबी पोचायचे, डिस्क बिचाऱ्या तयार होत्या पण वर्कस्टेशनच्या मेमरीलाच एवढा डेटा इकडून तिकडे हलवणं झेपत नव्हतं. मग दुसऱ्या मशीनला त्यांनी खास बोर्ड बनवला, त्यावर पॅरिटीचं गणित करणारं वेगळं एक्सॉर इंजिन, आणि डेटा मुख्य मशीनच्या मेमरीला वळसा घालून थेट नेटवर्कवर. पुढच्या सगळ्या रेड कार्डांमागचा विचार इथेच आहे, मुख्य मशीन लंगडं आहे तर काम बाहेर काढा.

नव्वदच्या दशकात हा विचार विकत मिळायला लागला. मायलेक्स, डीपीटी, ॲडाप्टेक, एएमआयचं मेगारेड, आणि बऱ्याच कार्डांवर इंटेलची आय९६० ही प्रोसेसर चिप, थोडी रॅम आणि एक बॅटरी. बॅटरीबद्दल जरा थांबून सांगायला पाहिजे कारण माझ्या मते कार्डातली सगळ्यात हुशार गोष्ट तीच होती. रेड ५ मध्ये, म्हणजे पॅरिटी सगळ्या डिस्कवर वाटून ठेवणाऱ्या प्रकारात, एक छोटा बदल लिहायचा तरी डेटा आणि पॅरिटी अशा दोन वेगळ्या डिस्कवर लिहावं लागतं, आणि नेमकी त्या दोघांच्या मध्ये लाईट गेली तर पॅरिटी आणि डेटा जुळत नाहीत, वर ते कोणाला कळतही नाही, पुढे कधीतरी एखादी डिस्क मेली आणि त्या चुकीच्या पॅरिटीवरून तिचा डेटा परत काढला की मग कचरा हातात येतो. याला राइट होल म्हणतात. बॅटरीमुळे अर्धवट राहिलेलं लिखाण कार्डाच्या रॅममध्ये जिवंत राहायचं आणि लाईट आल्यावर पूर्ण व्हायचं. महाराष्ट्रात ज्यांनी लोडशेडिंगची वर्षं काढलीत त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. फक्त बॅटरी काही वर्षांनी म्हातारी होते, मग कार्ड गुपचूप राइट-थ्रू मोडला जातं, म्हणजे प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर पोचेपर्यंत थांबतं, आणि लिहायचा स्पीड एकदम पडतो.

घरच्या लोकांसाठी मात्र स्कझी परवडण्यातलं नव्हतंच. त्यांच्यासाठी थ्रीवेअरने आयडीई, म्हणजे साध्या पीसीतल्या, डिस्कची कार्डं काढली, ती खरी होती. दुसरीकडे प्रॉमिस, हायपॉइंटच्या स्वस्त चिपा आणि पुढे मदरबोर्डवरचं रेड आलं, ज्यात नाव हार्डवेअरचं आणि काम सगळं ड्रायव्हरचं, म्हणजे दोन्हीकडचे तोटे एकाच डब्यात. लोकांनी नाव ठेवलं फेकरेड, आणि सॉफ्टवेअर रेड बदनाम झालं त्यात मोठा वाटा याचाच आहे असं मला वाटतं.

तोवर खालची जमीन सरकत होती. जानेवारी २००१ च्या लिनक्स २.४ मध्ये एमडी या सॉफ्टवेअर रेडचा सुधारलेला कोड कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, आला, त्याच वर्षी नील ब्राऊनने ते सांभाळायचं साधन एमडीअ‍ॅडम लिहिलं. कर्नल बूट होताना एक्सॉरच्या दोन-चार पद्धती मोजून सगळ्यात वेगवान निवडायचा आणि आकडा स्क्रीनवर टाकायचा. एसएसई, म्हणजे एका दमात बरेच आकडे हाताळायची सोय, असलेल्या साध्या प्रोसेसरवर तो आकडा डिस्कच्या वेगाच्या कितीतरी पट असायचा, आय९६० ची गरजच संपली होती. आणि तसंही घरचं गिगाबिट नेटवर्क सेकंदाला ११०-११५ एमबीच्या वर जात नाही, मग कार्डाचा जास्तीचा स्पीड लॅपटॉपपर्यंत पोचणार कसा?

पण घरातून कार्ड गेलं ते स्पीडमुळे नाही असं माझं ठाम मत आहे. कुठली डिस्क कितवी, स्ट्राइप (एका डिस्कवर जाणारा डेटाचा तुकडा) केवढी, ही माहिती कार्ड आपल्या पद्धतीने लिहितं, आणि ती वाचायला साधारण त्याच घराण्यातलं कार्ड लागतं. ऑफिसात दुसरं कार्ड कपाटात ठेवलेलं असतं, घरी कोण ठेवतं? त्यात कंपन्याच एकमेकींना गिळत गेल्या, मेगारेड २००१ मध्ये एलएसआयकडे, थ्रीवेअर २००४ मध्ये एएमसीसीकडे आणि २००९ मध्ये परत एलएसआयकडेच, २०१४ मध्ये एलएसआय अवागोकडे, जी आता ब्रॉडकॉम नावाने ओळखली जाते. एमडीच्या डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनला लावा, ॲरे उभा राहतो. शिवाय स्वस्त डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला खूप वेळ घेते, तेवढं थांबायची कार्डाची तयारी नसते, आणि चांगली डिस्क मेली म्हणून बाहेर फेकली जाते, हा त्रास वेगळाच.

शेवटचा धक्का झेडएफएसचा, म्हणजे फाइल सिस्टिम आणि रेड दोन्ही एकत्र असलेल्या सॉफ्टवेअरचा. सनमध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ पासून बनवलेलं हे २००५ च्या अखेरीस सोलारिस या सनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोर्समध्ये आलं. यात चालू ब्लॉकवर कधीच लिहित नाहीत, नवीन जागी लिहून मग पॉइंटर बदलतात, त्यामुळे राइट होल बॅटरीशिवायच गेलं. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे डेटा बरोबर आहे का ते तपासायचा आकडा, वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे डिस्कने गुपचूप चुकीचा डेटा दिला तर कळतं आणि दुसऱ्या कॉपीवरून दुरुस्तही होतं. साध्या कार्डाला हे जमत नाही, मिररच्या दोन बाजू वेगळ्या निघाल्या तर खरी कोणती हे त्याला कुठून कळणार. २००८ च्या फ्रीबीएसडी ७.० या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममधून हे घरापर्यंत पोचलं आणि मग तिच्यावर बांधलेल्या फाइल सर्व्हरच्या फ्रीनॅसने, म्हणजे आताच्या ट्रूनॅसने, ते वेब पेजवरच्या बटणांवर आणून ठेवलं.

आणि मग एक मजेशीर धंदा सुरू झाला. आयबीएमचं एम१०१५ नावाचं रेड कार्ड सर्व्हरमधून निघालेलं सेकंडहँड मिळायचं, त्यात एलएसआयची एसएएस२००८ चिप. लोक ते घ्यायचे, रेडचं फर्मवेअर पुसून आयटी मोडचं टाकायचे, म्हणजे कार्डाने आता काही डोकं चालवायचं नाही, डिस्क जशाच्या तशा ऑपरेटिंग सिस्टिमला दाखवायच्या, बस. ईएसएक्सआय, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांना मात्र कार्ड अजून लागतं, कारण तिथे लोकल डिस्कसाठी सॉफ्टवेअर मिररिंग मिळत नाही.

एका बाबतीत कार्डवाले बरीच वर्षं टोमणे मारत होते आणि ते खरंही होतं, चांगल्या कार्डावर रेड ५ ला चालू असतानाच एक डिस्क जोडता यायची, एमडीलाही जमायचं, झेडएफएसच्या रेडझेडला, म्हणजे त्याच्या पॅरिटीवाल्या रेडला, मात्र नाही. ते जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये आलं, तेही असं की जुने ब्लॉक परत लिहीपर्यंत जुन्याच पॅरिटीच्या प्रमाणात राहतात, त्यामुळे डिस्क वाढवल्यावर रिकामी जागा अपेक्षेपेक्षा कमी दिसते.