‘ह्यू लिंडसे’ : मुंबईहून सुएझला गेलेली पहिली आगबोट

१४ ऑक्टोबर १८२९ रोजी मुंबईच्या गोदीत ‘ह्यू लिंडसे’ पाण्यात उतरली. बांधणी वाडिया घराण्याची, भार ४११ टन, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिने आणि दोन्ही बाजूंना पाणी कापणारी मोठी चाके. ती कंपनी सरकारच्या ‘बॉम्बे मरीन’ या आरमाराची बोट होती. हेच आरमार १८३० पासून ‘इंडियन नेव्ही’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

विलायतेचे टपाल तेव्हा शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून येई. चार-सहा महिने सहज जात. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना तांबड्या समुद्रातून इजिप्तच्या सुएझ बंदराकडे जाणारा जवळचा मार्ग सुरू करायचा होता. कंपनीच्या लंडनमधील संचालकांना खर्च परवडत नव्हता, तरी माल्कम मागे हटले नाहीत.

खरी अडचण कोळशाची होती. बोटीत जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावे आणि वाटेतले, तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळचे एडन बंदर तर अकरा दिवसांच्या अंतरावर. म्हणून २० मार्च १८३० ला कमांडर जॉन विल्सन निघाले तेव्हा बोटीच्या तळातच नव्हे, खोल्यांत आणि डेकवरही कोळसा रचलेला होता. बोट इतकी दबली की डेक जवळजवळ पाण्याला टेकला. एडनला पोहोचताना सहा तासांपुरता कोळसा शिल्लक होता! तिथे मजूर मिळेनात, त्यामुळे कोळसा भरण्यातच जवळपास आठवडा गेला. २२ एप्रिलला बोट सुएझला लागली. पुढच्या ठाण्यांवरचा कोळसा आधीच शिडाच्या जहाजांनी नेऊन ठेवावा लागला होता, हे विसरून चालणार नाही. वाफेचा हा पराक्रम शिडांच्या खांद्यावर उभा होता.

डिसेंबरमध्ये माल्कम याच बोटीने स्वदेशी परतायला निघाले. मात्र नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यापुढे १६० अश्वशक्तीचा निभाव लागणे अवघड होते, त्यामुळे फेऱ्या मोजक्याच झाल्या.

१८३७ मध्ये ‘अटलांटा’ आणि ‘बेरेनिस’ या मोठ्या बोटी आल्या आणि टपालाच्या मार्गावरचे ‘ह्यू लिंडसे’चे महत्त्व ओसरले. १८३८ मध्ये तिला ‘सेमिरामिस’बरोबर इराणच्या आखातात खार्ग बेटावर सैन्य घेऊन पाठवले गेले. इराणच्या शहाने अफगाणिस्तानातल्या हेरात शहराचा वेढा उठवावा, म्हणून हा दबाव होता. तांबड्या समुद्राच्या मार्गावर मात्र कोळशाच्या कायमच्या ठाण्याची गरज उरलीच होती. जानेवारी १८३९ मध्ये कॅप्टन हेन्स यांच्या मोहिमेने एडन ताब्यात घेतले आणि पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे ते बंदर ब्रिटिशांकडे राहिले.