सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर : मुठीच्या चौकटीची अदलाबदल

एका मॉडेलच्या सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरची ग्रिप फ्रेम, म्हणजे मुठीची धातूची चौकट, काढून तिच्या जागी दुसऱ्या मॉडेलची चौकट बसवण्याची पद्धत. हात लहान-मोठा असणे, करंगळीला जागा न उरणे, गोळी सुटताना चापाभोवतीचे कडे मधल्या बोटाच्या पेरावर आपटणे ही त्यामागची नेहमीची कारणे. प्रामुख्याने अमेरिकेतील नेमबाज, शिकारी आणि जुन्या घडणीच्या शस्त्रांचे कारागीर ही अदलाबदल करतात.

सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा चढवावा लागतो; चाप ओढला की चढवलेला घोडा फक्त सुटतो. म्हणून मुठीकडून दोन कामांची अपेक्षा असते. धक्का हातात नीट उतरावा आणि अंगठा पुन्हा घोड्यापर्यंत सहज पोचावा. १८७३ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारलेल्या कोल्ट कंपनीच्या सिंगल अ‍ॅक्शन आर्मीची मूठ याच विचाराची आहे. तिचा आकार कोल्टच्याच १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरवरून आला. नांगराच्या रुमण्यासारखी ही वळणदार मूठ गोळी सुटल्यावर तळहातात मागे फिरते, नळी वर उठते आणि घोडा अंगठ्याखाली येतो. मध्यम ताकदीच्या काडतुसांसाठी याहून सुबक मूठ क्वचितच घडली असेल. जड काडतुसात मात्र तेच फिरणे अंगावर येते.

अदलाबदल शक्य होते ती मूठ स्क्रूंनी जोडलेली असते म्हणून. कोल्टमध्ये मागची पट्टी आणि पुढच्या पट्टीसकट एकाच तुकड्याचे चापाचे कडे असे दोन वेगळे भाग असतात व ते सहा स्क्रूंनी मुख्य चौकटीला आणि एकमेकांना जोडलेले असतात. १८६० च्या आर्मी रिव्हॉल्व्हरची मूठ याच घराण्यातली, पण लांब. इटलीत बनणाऱ्या कोल्टच्या प्रतिकृतींवर ही लांब मूठ चढवण्याची हौस जुनी आहे, कारण तिच्यावर करंगळीलाही आधार मिळतो. तिथे दोन्ही पट्ट्या जोडीनेच बदलाव्या लागतात. मुख्य स्प्रिंग सपाट पट्टीची असून ती पुढच्या पट्टीला स्क्रूने धरलेली असते, त्यामुळे मूठ लांबली की स्प्रिंगचाही विचार करावा लागतो.

रूगर कंपनीच्या रिव्हॉल्व्हरांत ही पद्धत सर्वाधिक रुजली. १९५३ चे सिंगल-सिक्स आणि १९५५ चे ब्लॅकहॉक कोल्टच्या वळणाचेच, पण आत सपाट स्प्रिंगऐवजी गुंडाळीची स्प्रिंग आणि मूठ एकाच तुकड्याची, पाच स्क्रूंनी जोडलेली. सुरुवातीच्या एक्सआर-३ चौकटीत चापाच्या कड्यामागे जागा कमी होती. १९६३ च्या सुमारास आलेल्या एक्सआर-३-रेड चौकटीने ती वाढवली. १९५९ च्या सुपर ब्लॅकहॉकला .४४ मॅग्नम या जड काडतुसाच्या धक्क्यासाठी लांब पोलादी मूठ मिळाली, मात्र कड्याची मागची बाजू चौकोनी ठेवल्याने अनेकांच्या बोटाचे पेर सोलवटले. चौकट बदलण्याची इच्छा बहुधा इथूनच सुरू होते.

बिस्ली मूठ हा याहून निराळा विचार. कोल्टने १८९० च्या दशकात नेमबाजीच्या स्पर्धांसाठी काढलेल्या मॉडेलला इंग्लंडमधल्या सरे परगण्यातील बिस्ली मैदानाचे नाव दिले. १९२० च्या दशकात अमेरिकी नेमबाज आणि शस्त्रलेखक एल्मर कीथ यांच्या ‘नंबर ५’ रिव्हॉल्व्हरसाठी कारागिरांनी बिस्लीची मागची पट्टी आणि सिंगल अ‍ॅक्शन आर्मीचे चापाचे कडे यांचा मेळ घातला. दोन मॉडेलांतले चांगले तेवढे एकत्र आणणारे हे काम या परंपरेतले सर्वांत महत्त्वाचे म्हणावे लागेल. रूगरने १९८० च्या दशकात आणलेली बिस्ली मूठ त्याच विचाराची. ती घोड्यामागे उंच चढते, तळहातात कमी फिरते आणि धक्का सरळ मागे पाठवते. जड काडतुसे वापरणाऱ्याला तिच्याइतका आराम दुसरी मूठ सहसा देत नाही. पण ब्लॅकहॉकवर ती बसवायची तर घोडा आणि चापही बिस्लीचेच घ्यावे लागतात.

स्क्रूंची छिद्रे जुळली म्हणजे काम झाले, हा समज नुकसान करतो. रूगरने १९७३ मध्ये सुरक्षा पट्टी (चाप ओढलेला असेल तरच घोड्याचा आघात काडतुसाकडे पोचू देणारी) असलेली ‘न्यू मॉडेल’ रचना आणली. आधीच्या मॉडेलांत चापाची स्प्रिंग मुठीच्या चौकटीतल्या छिद्रात बसते. नव्यांत ती वेगळ्या जातीची असते व तिचे पाय मुठीत टेकतात. म्हणून जुनी चौकट नव्या रिव्हॉल्व्हरवर फेरफाराशिवाय चालत नाही. शिवाय चौकट सुटताच सिलिंडर फिरवणाऱ्या पंजाची आणि सिलिंडर अडवणाऱ्या खटक्याची बारीक स्प्रिंग उडून जाऊ शकते. ती नेमकी कुठून निघाली हे आधी पाहून ठेवलेले बरे. हत्यार रिकामे असल्याची खात्री सर्वांआधी, आणि जोडणीनंतर सुरक्षा पट्टीची व घोड्याच्या खाचांची तपासणी जाणकाराकडून.

दिसण्याचा प्रश्नही उरतोच. कारखान्यात मूठ आणि मुख्य चौकट जोडलेल्या अवस्थेत घासून एकसलग केलेली असते, त्यामुळे दुसऱ्या रिव्हॉल्व्हरची मूठ लावली की सांध्यावर कडा वर-खाली होतात. स्टेनलेस पोलादात त्या घासून मिळवता येतात. निळसर काळ्या मुलाम्याच्या हत्याराला घासल्यावर पुन्हा मुलामा द्यावा लागतो. मुठीच्या लाकडी फळ्याही नव्या चौकटीला बेतूनच घ्याव्या लागतात. ब्लॅकहॉकच्या मूळ अ‍ॅल्युमिनियम मुठीऐवजी पोलादी बसवली तर वजन हाताच्या बाजूला वाढते. धक्का त्याने थोडा मवाळ होतो, पण दिवसभर कमरेला रिव्हॉल्व्हर लावून डोंगर चढणाऱ्याला ते वजन जाणवते. नुसता आकार बोचत असेल तर जाड किंवा पातळ फळ्या लावून पाहणे स्वस्त पडते आणि पुष्कळदा तेवढ्याने भागते. मुठीची लांबी किंवा कोन चुकत असेल, तर मात्र फळ्यांनी काही साधत नाही.