जुन्या साडीची चौपदरी घडी

कॉलऱ्याचा जिवाणू जेमतेम एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असतो. जुन्या सुती साडीची चौपदरी घडी घातली तरी तिच्यातली भोकं साधारण २० मायक्रॉनची राहतात. सुटा जिवाणू त्यातून आरामात पार होतो. तरीही बांगलादेशातल्या मतलब भागात अशा घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांमध्ये कॉलऱ्याचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले. ६५ गावं, सुमारे १,३३,००० माणसं आणि तीन वर्षांचा काळ, एवढा या अभ्यासाचा आवाका होता. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

मग साडीनं अडवलं तरी काय? जिवाणूचं वाहन. तळ्यात, नदीत डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे कोपेपॉड नावाचे कवचधारी जीव असतात. कॉलऱ्याचे जिवाणू त्यांच्या कवचाला, अंड्यांच्या पिशव्यांना चिकटून राहतात. एकेका कोपेपॉडवर ते हजारोंच्या संख्येनं सापडतात. आजार व्हायला जिवाणू मोठ्या संख्येनं पोटात जावे लागतात, म्हणून नुसते कोपेपॉड गाळले तरी जिवाणूंचा भार एकदम खाली येतो. चिकटून बसलेल्यांपैकी सुमारे ९९ टक्के जिवाणू कापडावरच राहतात, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं.

हे मान्य व्हायला मात्र बराच काळ गेला. कॉलरा माणसाकडून माणसाकडे, मैलापाण्यातूनच पसरतो आणि हा जिवाणू बाहेरच्या पाण्यात फार काळ तगत नाही, असं पक्कं समजलं जात होतं. अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल यांनी १९७७ साली, आसपास कुठंही साथ नसताना, चेसापीक उपसागराच्या पाण्यात तो शोधून दाखवला. म्हणजे तो पाण्याचाच रहिवासी निघाला. पाण्यातून त्याचं समूळ उच्चाटन करणं शक्य नव्हतं. उरला एकच मार्ग, तो तोंडापर्यंत पोहोचू न देणं. कॉलवेल आणि त्यांचे सहकारी अन्वर हक यांचा साडीचा अभ्यास या विचारातून पुढे आला.

पाणी उकळा, हा सल्ला सगळेच देतात. पण जिथं सरपण विकत किंवा मैलोन् मैल चालून आणावं लागतं, तिथं रोजचं पिण्याचं पाणी उकळायचं कशावर? जुनी साडी मात्र प्रत्येक घरात असते. तिथल्या बायका सरबतातली पानं, माश्या काढायला साडीचा पदर आधीपासून वापरत होत्या, फक्त एकपदरी. अभ्यासानं त्यात घडीची भर घातली, आणि वापरानंतर कापड धुऊन उन्हात वाळवण्याची. गंमत अशी की नव्या कोऱ्या साडीपेक्षा विरलेली साडी इथं सरस ठरते. धुऊन धुऊन धागे पिंजतात, तंतू सुटतात आणि मधली भोकं लहान होतात. तुलनेसाठी काही गावांना बारीक जाळीचं नायलॉन कापड दिलं होतं, तिथली घट ४१ टक्के होती.

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला हे ऐकून नारू हा पाण्यातून अंगात शिरणारा जंत आठवेल. नारूचा वाहक सायक्लॉप्सही कोपेपॉडच. नारूची मादी मीटरभर लांब वाढते आणि बहुधा पायावर फोड आणून बाहेर पडते. असा पाय घेऊन कुणी पायविहिरीत उतरलं की पाण्याच्या स्पर्शानं ती हजारो अळ्या सोडते. सायक्लॉप्स त्या खातो, माणूस पाण्याबरोबर सायक्लॉप्स पितो आणि साधारण वर्षभरानं नवा फोड येतो. या वर्षभराच्या अंतरामुळे पाण्याचा आणि फोडाचा संबंध लोकांच्या लक्षात येणं अवघड होतं. नारूवर ना लस आहे ना औषध. भारतातून तो गेला तो गाळलेल्या पाण्यानं, विहिरीत टेमेफॉस हे कीटकनाशक टाकून आणि पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांचे आड केल्यानं. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. आज बारवांच्या पायऱ्या मोकळ्या करण्यात रमलेल्या मंडळींनी पायऱ्या बुजवण्यामागचं हे कारणही माहीत करून घ्यावं.

बांगलादेशात तळ्याच्या पाण्याला पर्याय म्हणून हातपंप होतेच. १९७०च्या दशकापासून ते लाखोंनी बसवले गेले, हेतू अतिसार टाळण्याचा. पण भूगर्भातल्या गाळात आर्सेनिक होतं. १९९३ साली ते हातपंपांच्या पाण्यात आढळलं आणि पुढे कोट्यवधी लोक ते पाणी पीत असल्याचं उघड झालं. जंतूंची तपासणी केली, पण खालच्या खडकमातीची केली नाही. एक रोग टाळताना दुसरा घरात आणण्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. साडीचा उपाय अर्धाच आजार टाळतो, पण सोबत नवं विष आणत नाही, हे त्याचं बळ मला मोठं वाटतं.

अशा अभ्यासाची खरी कसोटी कार्यकर्ते निघून गेल्यावर लागते. न झालेला आजार मोजायचा तर झालेल्या आजारांची चोख नोंद लागते. मतलबमध्ये ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रानं १९६६ पासून घराघरातल्या जन्ममृत्यूची नोंद ठेवलेली आहे, म्हणून तिथं परत जाऊन विचारता आलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या फेरतपासणीत ७,००० हून अधिक बायकांशी बोलणं झालं. ३१ टक्के अजून पाणी गाळत होत्या, त्यांतल्या ६० टक्के साडीतून. ज्या गावांना काहीच शिकवलं नव्हतं, तिथल्याही सुमारे २६ टक्के घरांनी गाळणं उचललं होतं. कॉलऱ्यातली घट मात्र आता २५ टक्क्यांच्या आसपास होती आणि संख्याशास्त्राच्या निकषावर ती पक्की धरता येत नव्हती.

संशोधकांनाही अनपेक्षित होतं ते वेगळंच. गाळणाऱ्या घरांच्या शेजारी राहणाऱ्या, पण स्वतः न गाळणाऱ्या कुटुंबांमध्येही कॉलरा कमी आढळला.