पिवळी किनार कुठे गेली?

स्नेक प्लांटचं एक लांब पान कापावं, त्याचे चार-पाच तुकडे करावेत आणि कुंडीत खोचून ठेवावेत. काही महिन्यांनी त्या तुकड्यांच्या बुडाशी नवी रोपं दिसू लागतात. शोभेच्या झाडांत इतकं सोशिक झाड दुसरं सापडणं कठीण. पण ज्यांनी पिवळ्या किनारीचं स्नेक प्लांट असं लावलं, त्यांना हमखास एक कोडं पडतं. मूळ झाडाला पिवळी किनार होती, कापून लावलेल्या तुकड्यालाही ती आहे, आणि त्याच्याच बुडातून आलेलं रोप मात्र निव्वळ हिरवं! ऊन वाढवा, खत बदला, किनार काही येत नाही. कलमाचं रोप म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब प्रत, असं आपण ऐकत आलो आहोत. मग इथे काय बिनसलं?

त्यासाठी आधी मातीखाली काय घडतं ते पाहू. झाडापासून तोडलेल्या पानाला पाणी पुरवणारी मुळं नसतात, तरी स्नेक प्लांटचं पान आठवडेच्या आठवडे तग धरतं. हे झाड मूळचं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या उष्ण भागातलं. त्याच्या पानांवरची सूक्ष्म रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात. रात्रीच कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा रंध्रं मिटलेली असताना त्यापासून साखर बनते. त्यामुळे पाणी फार कमी उडून जातं. शिवाय पान जाड, रसाळ असल्यामुळे आतला साठाही मोठा. एखाद्या पातळ पानाच्या झाडावर हा प्रयोग केला, तर मुळं फुटायच्या आधीच पान कोमेजून जातं.

पानात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होत असतं आणि ते पेशीपेशींतून टोकाकडून बुडाकडे वाहत असतं. पान कापलं की हा प्रवाह जखमेपाशी येऊन अडतो आणि ऑक्सिन तिथे साचतं. जखमेमुळे पेशींना वेगळे इशारे मिळालेले असतातच. दोन्ही मिळून तिथल्या काही पेशी आपलं ठरलेलं काम सोडून पुन्हा विभागू लागतात आणि त्यांच्यातून मुळं आकार घेतात. पानाची पेशी मूळ कशी बनू शकते, हा प्रश्न जुना आहे. वनस्पतीच्या एकेका पेशीत अख्खं झाड घडवण्याची क्षमता असावी, असा विचार गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडला होता. १९५८ मध्ये एफ. सी. स्ट्यूअर्ड यांनी गाजराच्या मुळातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यापासून रोपं मिळवली, तेव्हा त्या विचाराला भक्कम आधार मिळाला.

ऑक्सिनच्या या एकेरी वाहतुकीमुळे तुकड्याची दिशा फार महत्त्वाची ठरते. हेरमान फ्योख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच दाखवून दिलं होतं की विलोची फांदी उलटी टांगली तरी मुळं तिच्या मूळच्या खालच्या टोकालाच जास्त फुटतात. स्नेक प्लांटच्या मधल्या तुकड्यांचा वर-खाल ओळखू येत नाही, ही खरी अडचण. म्हणून कापतानाच खालच्या बाजूला इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच द्यावी, किंवा वरच्या टोकावर पेनाने खूण करावी. उलटा खोचलेला तुकडा महिनोन्महिने ढिम्म उभा राहतो आणि शेवटी बहुधा सडतो.

आधी मुळं येतात आणि कोंब बऱ्याच उशिरा, यालाही कारण आहे. फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतींवरच्या प्रयोगांतून एक साधं पण मोलाचं सूत्र मांडलं. सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या तुलनेत ऑक्सिन जास्त असेल तर ऊतीतून मुळं फुटतात, आणि सायटोकायनिनचं पारडं जड झालं तर कोंब. सायटोकायनिन बऱ्याच अंशी मुळांत तयार होतं. म्हणजे मुळं धरल्याशिवाय कोंबाची तयारी नीट सुरू होत नाही. उतावीळ होऊन दर आठवड्याला तुकडा उपटून पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ रोपं वाचतील.

मात्र प्रत्येक झाडाचं पान कोंब देतंच असं नाही. मनी प्लांटचं नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्याला मुळं फुटतात, पान टवटवीत राहतं, पण वेल काही फुटत नाही. त्याला पेरावरचा डोळा सोबत लागतो. याउलट पानफुटीच्या पानाच्या खाचांमध्ये नव्या रोपाचे अंकुर जवळजवळ तयारच असतात, त्यांना फक्त निमित्त हवं असतं. स्नेक प्लांट या दोघांच्या मधलं. त्याच्या पानात तयार डोळा नसतो, पण नवा कोंब अगदी पहिल्यापासून घडवण्याची ताकद असते.

किनार हरवते ती नेमकी इथे. कोणत्याही कोंबाच्या शेंड्याला सतत विभागणाऱ्या पेशींची एक बारीकशी वाढटोकी असते आणि तिच्यातल्या पेशी थरांमध्ये रचलेल्या असतात. प्रत्येक थर आपापली वंशावळ बऱ्यापैकी वेगळी राखतो. पिवळ्या किनारीच्या स्नेक प्लांटमध्ये यांपैकी एका थरातल्या पेशींना हरितद्रव्य नीट बनवता येत नाही, बाकीच्या थरांना ते येतं. पान घडताना तो सदोष थर काठाशी उघडा पडतो आणि आपल्याला किनार दिसते. थोडक्यात, हे झाड आनुवंशिक दृष्ट्या वेगळ्या असलेल्या दोन पेशीवंशांची भागीदारी आहे. अशा वनस्पतीला कायमेरा म्हणतात. हे नाव हान्स विंकलर यांनी १९०७ मध्ये टोमॅटो आणि त्याच्या एका रानटी भाईबंदाच्या कलमातून निघालेल्या विचित्र फांदीला दिलं. एर्विन बाउर यांनी त्यानंतर लवकरच जिरेनियमच्या पांढऱ्या किनारीच्या पानांमागे पेशींचे असेच थर असल्याचं दाखवलं.

पानाच्या तुकड्यातून नवा कोंब घडतो तो जखमेजवळच्या, आतल्या भागातल्या काही मोजक्या पेशींपासून. त्या हिरव्या वंशाच्या असल्या, आणि स्नेक प्लांटमध्ये बहुतेकदा त्या तशाच असतात, की सगळं रोप हिरवं. भागीदारीतला एकच भागीदार नव्या घरी गेलेला असतो. चुकून कोंब पूर्णपणे पिवळ्या पेशींपासून निघालाच, तर तो दिसायला देखणा असतो, पण स्वतःचं अन्न बनवू शकत नाही आणि जुन्या पानाचा आधार संपला की मरतो. आफ्रिकन व्हायोलेटच्या फुलांवर चक्रीसारखे पट्टे असलेल्या जातींचंही असंच आहे. पानापासून केलेल्या रोपांत ते पट्टे सहसा टिकत नाहीत.

म्हणून ‘प्रत हुबेहूब नसते’ असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. प्रत हुबेहूबच असते, पण ती निघालेली असते एका पेशीवंशाची.

पानावरची सगळीच नक्षी अशी हरवत नाही. स्नेक प्लांटच्याच पानावरचे गडद-फिकट हिरवे आडवे पट्टे पाहा. ते सगळ्या पेशींत सारख्याच असलेल्या जनुकांच्या कारभारातून येतात आणि पानातून वाढवलेल्या हिरव्या रोपावरही जसेच्या तसे उमटतात. रेक्स बेगोनियाच्या पानांवरची चंदेरी झाक तर रंगाची नसतेच. वरच्या त्वचेखाली हवेच्या पोकळ्या असतात, त्यांवरून प्रकाश परततो. तीही पानाच्या कलमातून टिकते. आणि अबुटिलॉनच्या काही जातींवरचे सुंदर पिवळे ठिपके चक्क एका विषाणूचे असतात. कलमाबरोबर विषाणू जातो, त्यामुळे ठिपकेही जातात! शोभेच्या नावाखाली आपण आजारी झाडं हौसेने जपत असतो, हे मला नेहमीच गमतीचं वाटतं.

आता प्रत्यक्ष कामाचं. हिरवं स्नेक प्लांट वाढवायचं असेल तर पानाचे सात ते दहा सेंटीमीटरचे तुकडे पुरतात. कापल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी, मग दोन-तीन सेंटीमीटर खोल खोचावेत. माती भुसभुशीत, पाणी पटकन निथळणारी हवी, कारण हे तुकडे तहानेपेक्षा सडण्यानेच जास्त मरतात. ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत उघड्या जखमेला बुरशी लगेच गाठते. मुळं फुटवणारी तयार पावडर मिळते, तिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल हे ऑक्सिनच असतं. स्नेक प्लांटला तिची गरज पडत नाही आणि ती जास्त झाली तर उलटाच परिणाम होतो.

किनार टिकवायची असेल तर मात्र पान कापू नये, झाडच विभागावं. कुंडीतून गड्डा बाहेर काढून माती झटकली की मुळांमध्ये जाड, आडवं वाढणारं खोड दिसतं आणि त्याला जागोजागी पानांचे झुबके फुटलेले असतात. प्रत्येक भागाला निदान एक झुबका आणि थोडी मुळं येतील असे धारदार, स्वच्छ सुरीने तुकडे करावेत, कापलेली बाजू सुकू द्यावी आणि लावून टाकावेत. या खोडावरचे कोंब तयार डोळ्यांतून निघतात आणि डोळ्यात सगळे थर आपापल्या जागी असतात, म्हणून किनारही येते. क्वचित अशा झाडातूनही एखादा निव्वळ हिरवा फुटवा वर येतो. त्याला हरितद्रव्य जास्त, त्यामुळे तो जोमाने वाढतो आणि हळूहळू सगळी कुंडी व्यापतो. तो दिसला की लहान असतानाच खोडापासून कापून वेगळ्या कुंडीत लावावा.